त्यापुढे समुद्र

कोफीला कुणी विचारलं, तू मूळचा कुठला, तर तो म्हणायचा, आफ्रिकेचा. विचारणारा चिवट असला तर पुढचा प्रश्न ठरलेला, आफ्रिकेत कुठल्या देशाचा? त्यावर हातातलं काम न थांबवता कोफी सांगायचा, ‘ते तुमच्या आजोबांना विचारा. रेघा त्यांनी मारल्यात.’ आणि मग इतकं मनमोकळं हसायचा की समोरच्या गोऱ्या माणसालाही हसण्यावाचून गत्यंतर नसायचं.

होता तो घानाचा, कुमासीचा. लेस्टरमधल्या एका हॉस्पिटलच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये मी दोन हजार दोन साली लागले, तेव्हा तो तिथला सगळ्यात जुना माणूस होता. माझ्याहून पंचवीसेक वर्षांनी मोठा. मराठी असता तर मी त्याला जन्मभर अहो-जाहो केलं असतं. इंग्रजीत ती सोय नाही, आणि तीच सवय लागली म्हणून इथेही ‘तो’च लिहितेय. आदर कमी होता म्हणून नव्हे. कमी होती ती दुसरीच गोष्ट, आणि तेच सांगायला बसलेय.

उंच, वाकलेला, खाली बसताना दोन्ही गुडघे वाजायचे. पांढरा कोट घरून स्वतः इस्त्री करून आणायचा, कारण हॉस्पिटलच्या लाँड्रीवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. बॅगेत भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी. ते खायला तो कॉरिडॉरमध्ये जायचा, आणि कुणी भेटलं की आधी त्याच्या तळहातावर चार दाणे ठेवायचा, मग गुड मॉर्निंग म्हणायचा.

कामाची त्याची एक रीत होती. नळी मशीनमध्ये ठेवण्याआधी तो तिच्यावरचं नाव मोठ्याने वाचायचा. पूर्ण नाव, शक्य तितकं नीट उच्चारून. लेस्टर म्हणजे दिवसाला वीस पटेल, तेवढेच सिंग, शिवाय सोमाली आणि पोलिश नावं. मॅनेजर वैतागून म्हणायची, अरे नुसता नंबर बघ ना. कोफी म्हणायचा, ‘नंबर आजारी पडत नाही.’ पहिल्या आठवड्यात मला त्याचा राग यायचा. नंतर तो रजेवर गेला की लॅब सुनी वाटायची.

माझं नाव विचारून झाल्यावर त्याने दुसरा प्रश्न विचारला होता, तुझा जन्म कुठल्या वाराचा? त्यांच्यात मुलाला आधी वाराचं नाव मिळतं. कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला. मला माझा वार कुठे ठाऊक होता! मी नागपूरला आईला फोन केला. आई म्हणाली, ‘बुधवार. तुझ्या आजासारखाच. म्हणून तर त्याचं नाव बुध्या होतं.’

मी फोन ठेवला आणि बसून राहिले. आमच्या आजोबांच्या पिढीत आमच्या वस्तीत अशीच नावं असायची. बुध्या, मंगळ्या, सोम्या. बरं नाव ठेवलं तर गावाला खपायचं नाही. म्हणजे कोफी आमच्याकडे शुक्र्या झाला असता. फरक इतकाच की त्याचं नाव त्याच्या आजीने लाडाने ठेवलं होतं, आणि तो ते छातीवरच्या बॅजवर मिरवत होता. सकाळी मी त्याला फक्त वार सांगितला. आजोबांचं काही बोलले नाही. ‘अकुआ!’ तो आनंदाने म्हणाला, आणि तेव्हापासून लॅबमध्ये मी अकुआ झाले.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे, नाइलाज आहे. आम्ही नागपूरचे बौद्ध. माझे बाबा, शामराव, पोस्टात सॉर्टिंगला होते आणि चळवळीत मुरलेले. सासरची गोष्ट वेगळी. माझ्या सासऱ्यांना पुण्यात खोली मिळेना, तेव्हा त्यांनी आडनाव बदलून गावावरून देवळीकर करून घेतलं. माझा नवरा राजेश ते आडनाव घेऊन लेस्टरला आला, आणि मीही. इथल्या मराठी मंडळाच्या पहिल्याच हळदीकुंकवाला मेधाताईंनी विचारलं, देवळीकर म्हणजे देशस्थ का गं? मेधाताई आमच्याच हॉस्पिटलात मुलांच्या डॉक्टर, आणि मंडळाचं पान त्यांच्यावाचून हलत नव्हतं. मी नुसती हसले. हसणं म्हणजे होच की! त्यांनी तिळगूळ दिला, बेलग्रेव्ह रोडवर चांगलं पीठ कुठे मिळतं ते सांगितलं, आणि मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. तेव्हापासून मंडळाचं कुणी घरी येणार असलं की मी हॉलमधला निळ्या कोटाचा, चष्म्याचा फोटो काढून बेडरूमच्या कपाटात ठेवायची. शेजारची बुद्धाची मूर्ती चालायची. ती हल्ली सगळ्यांच्याच घरी शोभेला असते.

कोफी दर शनिवारी शाळा चालवायचा. शहरातल्या हायफील्ड्स भागात एका चर्चच्या मागचा हॉल, दहा ते एक. जमैका, बार्बाडोस, नायजेरिया, झिंबाब्वे, सोमालिया, कुठकुठली मुलं यायची. आठवडाभरच्या शाळेत आफ्रिका म्हणजे दुष्काळ आणि गुलाम, एवढंच शिकवतात, असं त्याचं म्हणणं होतं. भिंतीवर मुलांनी रंगवलेला मोठा नकाशा होता. त्यात नद्या होत्या, डोंगर होते, जुनी शहरं होती. देशांच्या सीमा नव्हत्या. फुटबॉलच्या वर्ल्ड कपमध्ये आफ्रिकेचा जो संघ उरेल तो आपला, असा शाळेचा नियम होता, आणि शेवटचा संघ हरला की कोफी सोमवारी लॅबमध्ये सुतक पाळल्यासारखा वावरायचा.

एका शनिवारी त्याने मला बोलावलं, मुलांना मायक्रोस्कोपमधून रक्त दाखवायला. मी गेले, हौसेनेच गेले. तिथे हजेरी घ्यायची त्याची पद्धत पहिल्यांदा पाहिली. प्रत्येक मुलाने उभं राहायचं, स्वतःचं नाव सांगायचं, मग बापाचं किंवा आईचं, मग त्यांच्या बापाचं, जिथवर ठाऊक आहे तिथवर. घानाची एक चिमुरडी सहा पिढ्यांपर्यंत गेली. जमैकाच्या मुली तीन नावांवर थांबल्या, आणि थांबताना त्या म्हणत, ‘त्यापुढे समुद्र.’ ज्यांच्या पूर्वजांना जहाजात कोंबून नेलं, त्यांची नावं समुद्राच्या अलीकडे आलीच नाहीत, म्हणून. कुणी तसं म्हटलं की सगळी मुलं उठून क्षणभर गप्प उभी राहायची. कुणी शिकवलं असेल ते एकदाच, पण मुलं ते मनापासून करत होती.

मग एक मुलगी म्हणाली, आता पाहुण्यांची हजेरी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी माझं नाव सांगितलं. बाबांचं सांगितलं. पुढचं नाव तोंडाशी आलं होतं. बुध्या. तिथे मला ओळखणारं कुणी नव्हतं, मराठी कळणारं कुणी नव्हतं. त्या मुलांना त्या नावातलं काय कळणार होतं? तरी माझ्याच्याने होईना. मी म्हणाले, ‘त्यापुढे समुद्र.’

मुलं उठली. सगळी, अगदी पाच वर्षांची सुद्धा. कोफीसुद्धा गुडघे वाजवत उठला आणि मान खाली घालून उभा राहिला. माझ्यासाठी. ज्या बाईला आपल्या आजाच्या आजाचं नाव पाठ होतं, तिच्यासाठी ती लेकरं उभी होती. मी पण उभीच राहिले, दुसरं काय करणार होते? पुढे तासभर मी त्यांना रक्तपेशी दाखवल्या, आणि ती थँक्यू मिस, थँक्यू मिस म्हणत होती.

दोन हजार पाचमध्ये मला दिवस गेले. इथे गरोदर बाईच्या रक्तात सिकलसेल हा आनुवंशिक आजार आहे का ते बघतात, आणि माझी नळी आमच्याच लॅबमध्ये आली. कोफीने माझं पूर्ण नाव मोठ्याने वाचलं, ते मी पलीकडच्या टेबलावरून ऐकलं. संध्याकाळी तो मला कॉरिडॉरमध्ये घेऊन गेला, हातावर शेंगदाणे ठेवले आणि म्हणाला की मी वाहक आहे, तोही आहे, मला आजार नाही, राजेशची तपासणी करून घे म्हणजे झालं. राजेशचं रक्त निर्मळ निघालं आणि आमची काळजी मिटली. मी कोफीला म्हणाले, आमच्याकडे पूर्वी मलेरिया फार होता ना, मलेरियाच्या मुलखातच असं रक्त टिकतं, त्यामुळे असेल. तो हो म्हणाला. वीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाला मी मलेरिया शिकवत होते.

त्यानंतर महिनाभराने शाळेच्या नकाशात भर पडली. सिकलसेल जिथे जिथे सापडतो तो भाग मुलांनी लाल रंगवला होता. आफ्रिकेचा मोठा पट्टा, आणि समुद्र ओलांडून मध्य भारतात एक ठिपका. कोफीने मला तो फोनवर काढलेल्या फोटोत दाखवला. मी म्हणाले, शास्त्राप्रमाणे ही दोन वेगळी मुळं आहेत. त्याला ते माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. तो म्हणाला, नातं रक्ताचं आहे असं कोण म्हणतंय?

आणि मग तो टी-रूममधला दिवस. मेधाताई कुठल्याशा बाळाचा रिपोर्ट विचारायला आल्या होत्या आणि चहाला थांबल्या होत्या. कोफीने त्यांना विचारलं की मध्य भारतात हा आजार जास्त करून आदिवासींत आणि पूर्वीच्या अस्पृश्यांत सापडतो असं तो वाचतो, तर त्या समाजातलं कुणी लेस्टरमध्ये आहे का? शाळेतली मुलं विचारतात, त्या लाल ठिपक्यात कोण राहतं? त्याने असंही वाचलं होतं की त्या लोकांतल्या तरुणांनी एकेकाळी अमेरिकेतल्या काळ्या पोरांच्या संघटनेचं नाव आपल्या संघटनेला घेतलं होतं. अशा माणसाला त्याला मुलांसमोर उभं करायचं होतं. किती वर्षं शोधतोय, म्हणाला.

मेधाताई गोड हसल्या. म्हणाल्या, ते सगळं आता इतिहासजमा झालंय, तिकडे कुणी मानत नाही, आणि तशी माणसं इकडे फारशी येतही नाहीत.

कोफीने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. ‘तू, अकुआ? तुझ्या ओळखीचं कुणी आहे?’

आज मला पक्कं कळतं की त्याला तेव्हाच माहीत होतं. माझ्या रक्ताचा कागद त्याने स्वतः सही करून फाइलला लावला होता. तो मला विचारत नव्हता, जागा करून देत होता. पण मला दिसत होता फक्त मेधाताईंचा चेहरा, आणि त्याच्यामागे अख्खं मंडळ, गणपती, भोंडला, होणाऱ्या बाळाचं बारसं.

मी म्हणाले, ‘नाही. असं कुणी मला कधी भेटलंच नाही.’

त्याने आपला कप परत उचलला. मग म्हणाला, कधी भेटलं तर सांग, शाळा दहा ते एक असते. पुन्हा त्याने तो विषय माझ्याकडे कधी काढला नाही. मी सिंकपाशी गेले आणि स्वच्छ झालेला कप पुन्हा विसळत राहिले. आणि खरं सांगू? त्यातही सुटल्याचं बरं वाटत होतं. स्वतःची इतकी घाण वाटावी आणि त्याच क्षणी हायसंही वाटावं, हे मी अनुभवलंय.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा आले, तीन महिन्यांसाठी, नातीला बघायला. मी कोफीला एकदा जेवायला बोलावलं, कारण त्याने बाळासाठी खास विणून घेतलेली टोपी पाठवली होती. तो यायच्या आधी, सवयीने, मी तो फोटो कपाटात ठेवला. कोफीसाठी काय गरज होती? हात आपोआप गेले. बाबा सोफ्यावर बसून बघत होते. मी म्हटलं, बाबा, आपला तो विषय नको हं आज. ते म्हणाले, ‘बरं बेटा.’ एवढंच.

जेवताना दोघं पोस्टावर बोलले. घानात पत्र कसं पोचतं, नागपुरात कसं पोचायचं. बाबांचं इंग्रजी अर्जातलं होतं, पण कोफीला ते फार आवडलं. तो बाबांना ‘सर’ म्हणत होता, बाबा त्याला ‘कोफीसाहेब’. पुढे शनिवारी माझी वीकेंड शिफ्ट असली की बाबा राजेशचा कोट चढवून लायब्ररीत जायचे. तो कोट त्यांना ढगळ व्हायचा. मला वाटायचं, बरं झालं, म्हाताऱ्याचा वेळ जातोय.

बाबा परत गेले आणि पुढच्या वर्षी झोपेतच गेले. मी नागपूरहून आल्यावर कोफी माझ्या टेबलापाशी आला आणि बाबांचं नाव त्याने पूर्ण उच्चारलं, आडनावासकट, एकही अक्षर न चुकता. मग म्हणाला, मोठा माणूस होता. मला नवल वाटलं. एका जेवणात किती लक्षात ठेवलं याने, असं मनात आलं, आणि मी पुढच्या नळ्या घेतल्या.

दोन हजार आठमध्ये कोफी निवृत्त झाला. कुमासीला परत जायचं ठरलं होतं. शाळा चालवायला मागे कुणी नव्हतं, हॉलही कौन्सिलला दुसऱ्या कामाला हवा होता. शेवटच्या शनिवारी त्याने लॅबच्या आणि वॉर्डांच्या लोकांना बोलावलं होतं. मेधाताईही आल्या होत्या, त्याच्यासाठी शाल घेऊन. मुलं मोठी झाली होती. जमैकाच्या त्या मुली आता माझ्याहून उंच होत्या. टेबलावर भात होता, तळलेली केळी होती, आणि सगळे एकमेकांच्या प्लेटमध्ये वाढत होते.

भिंतीवर शाळेत बोलायला येऊन गेलेल्या लोकांचे फोटो लावले होते. मेधाताई एकेक बघत चालल्या होत्या आणि मी त्यांच्याबरोबर. एका फोटोपाशी त्या थांबल्या.

राजेशच्या कोटात बाबा उभे होते. नकाशासमोर, लाल ठिपक्यावर बोट ठेवून. भोवती पंधरावीस मुलं, आणि बाबा बोलताना मध्येच हसले की दिसायचे तसे दिसत होते. खाली एका मुलाने जाड पेनाने लिहिलं होतं: शामराव, बुध्याचा मुलगा. बुध्या सटवाचा. सटवा गोमाचा. गोमा लखाचा. गाव, गावाबाहेरचं. सगळ्यात शेवटी लहान अक्षरांत: इथे समुद्र नाही.

मेधाताईंनी चष्मा वर केला. ‘अगं, हे तर आपल्याकडचे दिसतायत. नागपूरकडचे. तू ओळखतेस का?’

कोफी दोन हातांत दोन कप घेऊन आमच्यापाशीच आला होता. मराठी त्याला येत नव्हती, पण बोट कुणाकडे आहे आणि विचारलं काय जातंय, हे समजायला भाषा लागत नाही. तो थांबला.

मी मान हलवली. ‘नाही,’ मी म्हणाले.

माझा बाप होता तो. मेलेला. भिंतीवरून माझ्याकडे बघत होता.

कोफीने एक कप मेधाताईंना दिला. त्यांनी त्याला इंग्रजीत विचारलं, हे गृहस्थ कोण? तो म्हणाला, ‘माझे पाहुणे. पाच शनिवार आले होते. मुलांना त्यांनी खूप दिलं.’ त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेवढीही शिक्षा त्याने मला केली नाही.

मी कोट घेतला आणि बाहेर आले. बस स्टॉप हॉलच्या दारासमोरच होता, रस्त्यापलीकडे. मागून कोफीचे गुडघे वाजल्याचं ऐकू आलं. तो माझ्यामागे पायऱ्या उतरून आला होता.

‘ते माझे बाबा आहेत,’ मी म्हणाले. इंग्रजीत म्हणाले, आणि ते वाक्य इतकं सोपं होतं की मला रडू फुटलं.

तो म्हणाला, ‘मला माहीत आहे. त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं की तुला कळू द्यायचं नाही. म्हणाले, तिला इथे या लोकांत आयुष्य काढायचंय, तिला अवघडल्यासारखं होईल.’

म्हणजे बाबांना सगळं कळलं होतं. फोटो कपाटात जाताना कळलं होतं, आणि त्यांनी रागावण्याऐवजी मला सांभाळून घेतलं. लायब्ररीत चाललो सांगून ते स्वतःच्या बापाचं नाव घ्यायला चोरून जात होते, माझ्या घरातून.

‘मला सांगून काय उपयोग, अकुआ?’ कोफी म्हणाला. ‘ती आत आहे. चहा पितेय. जा, तिला सांग.’

मी तिथेच उभी. तो पायऱ्या चढून वर गेला, हॉलचं ते जड दार उघडलं आणि पाठीने धरून ठेवलं. आतून मुलांचा गलका येत होता, आणि भाताचा वास. त्याने हाताने बोलावलंही नाही. घाई कसलीच नव्हती, अशा बेताने तो उभा होता.

रस्ता ओलांडला तो मी स्टॉपच्या बाजूला. बस आली. मी चढले, वरच्या मजल्यावर गेले, खिडकीपाशी बसले. सिग्नल लाल होता, त्यामुळे बस बराच वेळ तिथेच थांबली, आणि तेवढा वेळ मला तो दिसत होता. दुखऱ्या गुडघ्यांवर भार टाकून, वाकून, तो दार धरून उभा होता.